भर उन्हाळ्यातली लोकर

जून महिन्यात घरात डांबरगोळ्यांचा वास यायला नको. दिल्लीकडे लोकरीचे कपडे होळीनंतर एकदा उन्हात पडतात आणि मग पलंगाच्या पेटीत जातात, ते दिवाळीपर्यंत तोंड दाखवत नाहीत. परवा दुपारी मला एक जुनी चादर हवी होती म्हणून मी पलंगाची फळी उचलली आणि तो वास एकदम नाकात गेला. खोलीत कूलर घरघरत होता, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास सगळीकडे भरला होता, बाहेर फरीदाबादच्या रस्त्यावर लूचा गरम वारा धूळ उडवत होता. वाळा आणि डांबरगोळी हे दोन वास खरं तर एकमेकांना कधी भेटत नाहीत. आमच्या घरात मात्र एका उन्हाळ्यात ते सुखाने एकत्र नांदले होते. मी चादर हातात धरून तिथेच पलंगाच्या कडेवर बसले आणि एकटीच हसले.

त्या उन्हाळ्यात आमची स्नेहल फिनलंडला जायच्या तयारीत होती. तिचं कॉलेज दिल्लीतच. तिथली काही मुलं एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात शिकायला जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात, अशी काहीतरी देवाणघेवाण होती. आम्ही तेव्हा दिल्ली कँटमध्ये फौजी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे सुभेदार. तोंडावर मी यांना 'अहो' म्हणते, पण मनातल्या मनात 'सुभेदारसाहेब'. विशेषतः ते घरात हुकूम सोडायला लागले की.

माझ्याबद्दल सांगायचं तर लग्न झाल्यापासून मी एकच विद्या मन लावून शिकले, ती म्हणजे सामान बांधणं. माण तालुक्यातून निघाले ती पठाणकोट, मग जोधपूर, जबलपूर, पुन्हा पंजाब आणि शेवटी दिल्ली. काचेच्या बरण्या उशीच्या अभ्र्यात जातात, कुकरच्या पोटात मसाल्याचे डबे बसतात, टीव्हीला रजया गुंडाळायच्या आणि देव सगळ्यात शेवटी, आपल्या हातातल्या पिशवीत. कोणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी सामानावर जाते. हे कपाट दारातून निघणार नाही, ही शोभेची बरणी पहिल्याच बदलीत फुटणार, असं मनात चालू असतं. लोकांना वाटतं मी त्यांचं घर कौतुकाने बघतेय, आणि मीही त्यांचा समज मोडत नाही.

फौजी घर सोडताना मागे काही ठेवायचं नसतं. भिंतीतले खिळेसुद्धा काढायचे, भोकं बुजवायची, फळ्या पुसायच्या. मग साहेब लोक येऊन तपासणी करतात आणि किल्ली घेतात. पुढच्या आठवड्यात तिथे दुसऱ्याच कोणाची तरी भाजी फोडणीला पडलेली असते. ज्या घरात आपलं मूल चालायला शिकलं त्या घरात आपल्याला पुन्हा पाय ठेवता येत नाही. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटायचं. नंतर मी ते मनाला लावून घेणं सोडलं, कारण प्रत्येक घरासाठी रडत बसले असते तर पुढचं घर लावायला हातात जोर राहिला नसता.

बातमी आली तेव्हा मे महिना होता. कँटातल्या रस्त्याला बहावा फुलला होता. सगळं करपलेलं असताना हे झाड इतकं पिवळंधमक कसं राहतं हे मला अजून कळलेलं नाही. मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. स्नेहल कॉलेजातून आली, उन्हाने तोंड लाल झालेलं, ओढणी डोक्याभोवती गुंडाळलेली.

"मम्मी, माझं सिलेक्शन झालं. फिनलंड. ऑगस्टमध्ये जायचं आणि जानेवारीत परत."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आनंद झाला, छाती भरून आली, आणि लगेच मनात आलं की वीस-बावीस किलोत काय काय बसेल. सुभेदारसाहेब आतून बाहेर आले. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"तापमान?"

"डिसेंबरमध्ये उणे वीसपर्यंत जातं म्हणे, पप्पा."

यांचा चेहरा उजळला. हे तरुणपणी बर्फात राहून आलेले, वर, जिथे चहा कपात ओतेपर्यंत गार होतो. ती सगळी थंडी यांच्या आत इतकी वर्षं पडून होती आणि घरात कोणाला तिचा काडीचा उपयोग नव्हता. आता गिऱ्हाईक मिळालं होतं.

"अच्छा. म्हणजे काही विशेष नाही," ते म्हणाले आणि पलंगाची फळी उचलायला गेले.

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. बाहेर अंगणातला नळसुद्धा हात भाजवत होता आणि आमच्या बाहेरच्या खोलीत स्नेहल लोकरीचा आतला पोशाख, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर जाड स्वेटर आणि वर जाकीट घालून कूलरसमोर उभी होती. साहेब तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. "एक जाड कपडा नको. पातळ पातळ थर पाहिजेत. थरांच्या मधली हवा ऊब धरते. ओले मोजे घालून झोपायचं नाही. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही."

"पप्पा, तिथे हॉस्टेलमध्ये हीटिंग असतं. लोक घरात टी-शर्ट घालून बसतात."

"आणि हीटिंग बंद पडलं तर?"

तेवढ्यात शेजारच्या बिष्ट भाभी बर्फ मागायला आल्या. भाभी गढवालच्या, त्यांचे यजमान यांच्याच युनिटात. त्यांनी दारातून आत पाहिलं, कूलरकडे पाहिलं, जाकिटात घामाने निथळणाऱ्या स्नेहलकडे पाहिलं आणि शांतपणे मला विचारलं, "भाभीजी, लड़की को मलेरिया हुआ है क्या?"

सगळं समजल्यावर मात्र त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कडुनिंबाच्या सावलीत लाल लोकर घेऊन टोपी विणायला बसल्या. घामाने सुया बोटांतून निसटायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थट्टा करायच्या. "चिपकती तो है," भाभी म्हणायच्या, "पर बच्ची का सिर ढका रहे." मी त्या टोपीला कानटोपी म्हटलं तर स्नेहलने विचारलं, कानटोपी म्हणजे काय. उत्तरेकडे वाढलेल्या पोरीला मंकी कॅप कळते. मी तिला सांगितलं की जिच्या नावात कान आहे तीच चांगली, निदान काय झाकायचं ते तरी कळतं.

विद्यापीठाकडून एक मेल आली होती, काय काय आणावं याची. त्यात पोहण्याचा पोशाख होता. तिकडे म्हणे गरम वाफेच्या खोलीत बसतात आणि मग गोठलेल्या तळ्यात उडी मारतात. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि उठून अंघोळीला गेले. बर्फात राहिलेल्या माणसाला बर्फात हौसेने उतरणारी माणसं आजपर्यंत पटलेली नाहीत.

लोक दिल्लीच्या उन्हाळ्याला शिव्या देतात. मला तो आवडतो, असं म्हटलं की माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. पण या उन्हाळ्यात घरातली माणसं एका खोलीत येतात. कूलर एक असतो ना. हिवाळ्यात प्रत्येक जण आपापल्या रजईत असतो. त्या वर्षी आम्ही तिघं त्या एका कूलरसमोर खरबूज खात, भांडत, मोजे मोजत बसलेलो असायचो. स्नेहल जाणार हे सतत डोक्यात होतं आणि तरी, किंवा त्यामुळेच असेल, ते दिवस मला फार सुखाचे वाटले. आता ती नोएडाला नोकरी करते, मेट्रोने जाते-येते, संध्याकाळी पर्स फेकून हाश्श म्हणत कूलरसमोर येऊन बसते. अजूनही मध्येच येऊन जागा अडवते.

जुलैत हवा बदलली. लू थांबली आणि चिकचिक सुरू झाली. व्हिसाच्या कागदपत्रांसाठी आम्ही तिघं कॅनॉट प्लेसकडे गेलो होतो. रस्त्याकडेच्या झाडांना जांभळं लागली होती, बायका खाली चादरी धरून उभ्या होत्या आणि वर चढलेली माणसं फांद्या हलवत होती. फुटपाथ जांभळा झालेला. स्नेहल आत गेली, आम्ही बाहेर थांबलो. काम लवकर झालं म्हणून साहेबांनी आम्हाला कस्तुरबा गांधी मार्गावर नेलं, तिथे आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला मिळतं. पिठलं-भाकरी समोर आली. एरवी स्नेहल तुटून पडली असती. त्या दिवशी ती भाकरीचा पापुद्रा नुसता सोलत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, सत्र संपल्यावर परत जाणार ना. मी पटकन हो म्हटलं. मग बाहेर आले आणि डोक्यात आलं, कुठे?"

प्रश्न खरा होता. साहेबांची नोकरी संपत आली होती. ते दिवाळीच्या सुमारास पेन्शनवर निघणार, त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार. गावी आमचं घर अर्धवट बांधून उभं होतं. यांचा जीव तिकडे. डाळिंबाची कोणती रोपं लावायची इथपर्यंत ठरलेलं. म्हणजे स्नेहल जानेवारीत दिल्लीला उतरेल तेव्हा दिल्लीत आमचं कोणी नाही. तिने शेवटचं वर्ष हॉस्टेलमध्ये काढायचं, असं आम्ही तिला न विचारताच गृहीत धरलं होतं.

"बघू," साहेब म्हणाले. फौजेत 'बघू' याचा अर्थ अजून हुकूम आलेला नाही, एवढाच असतो. स्नेहलला तो लहानपणापासून पाठ होता.

मग जायचे दिवस जवळ आले आणि आमचे हात आपोआप चालायला लागले. फौजी कँटीनमधून मोठी ट्रॉली बॅग आणली. साहेबांनी ती युनिटात नेली आणि आमच्या काळ्या लोखंडी पेट्यांवर असतं तसं पांढऱ्या रंगात तिचं नाव रंगवून आणलं, ठळक, खाली फिनलंड. "पप्पा, एअरपोर्टवर सगळे बघतील, यार," स्नेहल म्हणाली. "बघू देत, म्हणजे हरवणार नाही," साहेब म्हणाले.

एके दिवशी ती मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. मी तिच्या कपाटातून न्यायचे कपडे काढायला गेले. न्यायचे काढले. मग राहिलेले दिसले, ते खोक्यात भरले. हात थांबेना. पुस्तकं दोरीने बांधली. जुने फ्रॉक, कॉलेजच्या स्पर्धेतले कप, टेबलावरचा दिवा, सगळं गुंडाळलं. बॅडमिंटनची रॅकेट बिष्ट भाभींच्या मुलीला दिली. फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या. साहेब ड्यूटीवरून आले, त्यांनी माझं काम पाहिलं आणि न सांगता पक्कड घेऊन तिच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला, खिळे उपसले, भोकांत पांढरं सिमेंट भरलं. खोली अशी लख्ख झाली की कोणत्याही साहेबाने तपासून घ्यावी. आम्ही दोघं दारात उभं राहून खूश होऊन बघत होतो. आमच्या हातांना दुसऱ्या तऱ्हेने सामान बांधता येतच नव्हतं.

स्नेहल आली. दारातच थांबली. भिंतीकडे पाहिलं, कपाट उघडलं, बंद केलं.

"तुम्ही मला पोस्टिंगवर पाठवताय," ती म्हणाली. "मी पाच महिन्यांसाठी चाललेय, मम्मी. बिल्कुल काहीच ठेवलं नाहीस?"

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं.

"प्रत्येक घर आपण असंच सोडलं. पण तेव्हा आपण तिघं एकाच ट्रकमागून जायचो. आता मी एकटी जाणार, आणि तुम्ही मागचं सगळं पुसून टाकलंय. मी परत कशाकडे येऊ?" ती नुसत्या गादीवर बसली. "मी नाही जात."

हा रुसवा नव्हता. तिकीट काढायचं बाकी होतं आणि कॉलेजातून रोज विचारणा होत होती. तिने तिकीट काढलं नाही. जेवायला यायची, जेवायची, ताट धुऊन ठेवायची. आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. या शांतपणाशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं. वर्षभर खपून मिळवलेली गोष्ट पोर हातातून सोडून देईल, अशी भीती मला वाटायला लागली.

शेवटी मी खोकी उघडली. भरलेलं सामान त्याच घरात परत लावणं मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते आणि सांगते, बांधण्यापेक्षा ते अवघड आहे. कुठे काय होतं तेच आठवेना. दिवा डावीकडे की उजवीकडे? साहेबांनी बुजवलेल्या भोकांत परत खिळे ठोकले, नकाशा थोडा वाकडा बसला. मी रॅकेट मागायला शेजारी गेले. दिलेली वस्तू परत मागताना जीभ चाचरत होती. भाभींनी ती पडद्यामागून काढून हातात दिली. "मैंने तो बेटी को छूने नहीं दी," त्या म्हणाल्या. "मुझे पता था, आप आओगी."

त्या संध्याकाळी जेवताना साहेबांनी ताटाकडे बघतच सांगितलं, "फरीदाबादला एका कारखान्यात सिक्युरिटीची जागा आहे. मी हो म्हणून आलोय. तिकडेच भाड्याने घर घेऊ. हिचं कॉलेज होईपर्यंत इथेच."

"आणि गाव?" मी विचारलं.

"गाव कुठे पळून जातंय?"

डाळिंबांचं नाव कोणी काढलं नाही. यांनी काय बाजूला ठेवलं ते मला दिसत होतं, आणि त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला.

"पण ते घर मी बघितलेलं नसेल," स्नेहल म्हणाली.

"आम्ही बघितलेलं असेल ना," साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली. जेवण झाल्यावर तिने तिकीट काढलं.

ऑगस्टमध्ये विमानतळावर घामाच्या धारा लागल्या होत्या. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून स्नेहल जाड जाकीट हातावर टाकून निघाली. साहेबांनी तिला जवळ घेतलं नाही, वाकून तिच्या बुटांच्या नाड्या तपासल्या. मी मात्र रडले, मनसोक्त रडले, आणि टॅक्सीत बसल्यावर मला हलकं वाटलं. पुढचे महिने भराभर गेले. यांचा निरोपसमारंभ झाला, हार झाले, फोटो झाले, आणि आम्ही फरीदाबादच्या या दुसऱ्या मजल्यावर आलो. फोनवर घर दाखवते म्हटलं तर स्नेहल नको म्हणाली. "येऊनच बघते," ती म्हणाली. मला त्या उत्तराची जरा धास्तीच वाटली. इथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, अंगण नाही, कडुनिंब नाही. पोरीला परकं वाटलं तर काय करायचं?

जानेवारीत ती आली. धुक्याने विमान उशिरा उतरलं, घरी पोचायला दुपार झाली. साहेब आणायला गेले होते. मी तिची खोली पुन्हा पुन्हा आवरून दारात उभी होते. आता हिला हात धरून नेऊन एकेक गोष्ट दाखवायची, ही तुझी खिडकी, हे तुझं टेबल, असं सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. ती जिना चढून आली. जरा बारीक झालेली, गाल फुटलेले. मला मिठी मारली, बूट काढले, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या बाजूने सरळ आत गेली. खोलीकडे नाही, स्वयंपाकघरात. न बघता हात वर करून तिने मोरीच्या डावीकडच्या फळीवरून पेला घेतला. पाणी प्यायली. मग खालचं कपाट उघडलं, डाळीच्या डब्यामागे हात घातला आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बाहेर काढला.

मी दारातच थबकले. पेले मोरीच्या डावीकडे आणि लाडू साहेबांना दिसू नयेत म्हणून डाळीच्या मागे, हे पठाणकोटपासून तसंच होतं, आणि ते माझ्या स्वतःच्या कधी लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक वेळी नवं घर म्हणून मी जे लावत आले, ते तिच्यासाठी एकच घर होतं.

"काय बघतेयस?" तोंडात लाडू धरून तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

साहेब धापा टाकत बॅग घेऊन वर आले. "दाखवलंस का हिला घर?" त्यांनी विचारलं.

"दाखवायला कशाला पाहिजे," मी म्हटलं. "तिला माहीत आहे."